मलबार हिलवर जन्मलेला इंग्लंडचा कप्तान

लंडन : एकाच संघातले खेळाडू दोन वेगवेगळ्या फाटकांतून मैदानात उतरायचे, हे आज लॉर्ड्सवर सामना बघायला आलेल्या तरुणाला सांगून खरं वाटत नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे तीच रीत होती. बिनपगारी, हौशी खेळणारे ते ‘जंटलमेन’ आणि पगारी ते ‘प्लेअर्स’. त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या निराळ्या. छापील धावपत्रकावर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी खेळाडूची नंतर. इंग्लंडचं कप्तानपद जंटलमनकडेच. वॉल्टर हॅमंडसारखा बिनीचा फलंदाजसुद्धा १९३८ मध्ये पगारी खेळ सोडून हौशी झाला, तेव्हाच कप्तान होऊ शकला.

डग्लस जार्डिन याच जंटलमन वर्गातला. त्याचा जन्म मुंबईत, मलबार हिलवर, २३ ऑक्टोबर १९०० चा. वडील बॅरिस्टर. नऊ वर्षांच्या मुलाला शिकायला स्कॉटलंडला धाडलं. पुढे विंचेस्टर, मग ऑक्सफर्ड. हौशी खेळाडू म्हणजे गर्भश्रीमंत, असं आपल्याला वाटतं. जार्डिन तसा नव्हता. तो सॉलिसिटर झाला, पोटापाण्याच्या उद्योगामुळे १९३० चा मोसम फारसा खेळलाच नाही. तरीही दोन वर्षांनी, भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, इंग्लंडचा कप्तान तोच. लॉर्ड्सवर त्यानं ७९ आणि नाबाद ८५ धावा केल्या. डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली, तेव्हा इंग्रजांचा कप्तान आपल्याच जन्मगावी नाणेफेकीला उतरला होता.

या दोन सामन्यांच्या मधल्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात, फलंदाजाच्या अंगावर मारा करणाऱ्या बॉडीलाइन गोलंदाजीवरून, रण पेटलं. डावपेच जार्डिनचे, चेंडू हॅरल्ड लारवूडचा. लारवूड नॉटिंगहॅमशायरचा, पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला पगारी गोलंदाज. मालिकेत त्यानं ३३ बळी घेतले. पुढे प्रकरण शेकलं तेव्हा माफीची मागणी झाली ती लारवूडकडे. त्यानं साफ नकार दिला आणि तो इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही. जार्डिनही १९३४ मध्ये बाजूला झाला, पण स्वतःच्या निर्णयानं. मला जार्डिनच्या धैर्याबद्दल आदर आहे. लारवूडवर मात्र अन्याय झाला, असंच मी म्हणेन. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साच्यावर उभा राहणारा कामगार आणि त्याच मिलचा साहेब एका संघात खेळले, तर चुकीचा जाब कुणाला विचारायचा, हे अमळनेरकरांना समजावून सांगायला नको.

हौशी खेळाचं निखळ रूप मला पुण्यात दिसतं. प्रा. दि. ब. देवधर संस्कृत शिकवत आणि क्रिकेट खेळत. १९२६ मध्ये त्यांनी इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळाला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. तरी पुढे महाराष्ट्राला त्यांनी लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला.

इंग्लंडमधला हा जंटलमन-प्लेअर भेद रद्द करण्याचा निर्णय व्हायला नोव्हेंबर १९६२ उजाडावा लागला.