पिळदार देहाचा ध्यास

वाशीपासून पनवेलपर्यंत व्यायामशाळा वाढल्या, ही समाधानाची बाब होय. परंतु देह पिळदार व्हावा म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने घेतली जातात, तेव्हा आम्हांस चिंता वाटते. समलिंगी पुरुषांवर हे दडपण दुहेरी असते. बालपणी ‘बायकी’ म्हणून झालेली हेटाळणी मनात घर करते. पुढे जोडीदार शोधतानाही ‘मर्दानी’ देहासच पसंती मिळते. मग कमावलेले शरीरही आरशात किरकोळच भासते. हॅरिसन पोप व सहकाऱ्यांनी १९९७ साली या विकारास ‘मसल डिसमॉर्फिया’ म्हटले.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागताच पीयूष ग्रंथी वृषणांना चेतना देणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, रक्त दाट होते, हृदयावर ताण येतो. पुरुषत्वासाठी घेतलेले औषध त्याच्याच मुळावर उठते. विकणारा हे सांगत नाही! ते एकाएकी सोडल्यास खिन्नता येऊ शकते, म्हणून वैद्यकीय देखरेख हवी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. तथापि डॉक्टरांपुढे मोकळेपणाने बोलणे अनेकांना आजही जड जाते. मानसोपचारातील गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाचा हक्क आहे. इंजेक्शनांची माहिती मात्र दडवू नये, ही आमची विनंती; तिच्यावाचून रक्ततपासणीचा नीट अर्थ लावता येत नाही.