वात्सल्य आणि पुरुषाचा मेंदू

मूल सांभाळणे हा स्त्रियांचा जन्मजात स्वभाव. पुरुषाच्या अंगी तो गुण नाहीच, असे वाक्य आपल्या एकत्र कुटुंबांतून अजूनही वरचेवर ऐकू येते. रात्री तान्हे मूल रडू लागले की बाळंतीण उठते, तिची आई अगर सासू उठते. पिता मात्र कूस बदलून निजतो आणि आपल्या निजण्यास सृष्टिनियमाचा आधार आहे असे समजतो. अलीकडे तर ‘पुरुषाचा मेंदूच निराळा’ असे म्हणून या समजुतीस शास्त्राचाही टेकू दिला जातो. तेव्हा शास्त्र खरोखर काय सांगते, हे पाहणे अगत्याचे आहे.

सृष्टिनियमच शिकावयाचा, तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यासारखी दुसरी पाठशाळा नाही. ताडोबाची वाघीण आपले बछडे सुमारे दोन वर्षे एकटीच पोसते. त्या प्रदेशावर नव्या वाघाचा अंमल बसला, तर तो आधीच्या वाघाचे बछडे मारूनही टाकतो. एवढेच पाहणारा म्हणेल, नराची जात ही अशीच! परंतु त्याच रानात रानकुत्र्यांची टोळी पाहावी. शिकारीहून परतलेले नर व माद्या दोन्हीही पोटातील मांस ओकून पिलांना भरवितात. पिले आपली की दुसऱ्याची, हा भेद तेथे नाही. आणि तलावातील पाणवेलींच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्याची रीत तर सर्वस्वी उलटी. मादी आकाराने मोठी. ती अनेक नरांशी जोडी जमविते व अंडी घालून निघून जाते. ती उबविणे आणि पिलांना पंखाखाली घेऊन जपणे, हे सारे नराचे काम. रान एकच, पण रीती तीन! मग यांतील कोणती रीत ‘पुरुषस्वभाव’ म्हणावयाची?

नर-मादीच्या मेंदूंत भेद मुळीच नाही, असे नव्हे. 1978 साली गोर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस नामक भागाजवळ एक पेशीपुंज दाखविला. तो नरात मादीपेक्षा कित्येक पटींनी मोठा असतो, आणि जन्माच्या सुमारास शरीरात वाहणाऱ्या अंतःस्रावांवर त्याची वाढ अवलंबून असते. परंतु भेद आहे एवढ्यावरून क्षमता नाही असे ठरत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील कॅथरिन ड्युलाक यांनी हेच दाखवून दिले. मादीचा सहवास न घडलेला नर उंदीर पिलू दिसताच त्याच्यावर तुटून पडतो. तोच नर, समागमानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, म्हणजे पिले जन्मण्याच्या वेळी, त्यांना चाटून स्वच्छ करतो व घरट्यात आणून ठेवतो. 2014 साली त्यांच्या प्रयोगशाळेने या वात्सल्याच्या मुळाशी असलेल्या मज्जापेशी शोधून काढल्या. त्या पेशी माता व पिता दोघांतही आहेत. त्या नष्ट केल्या की दोघांचेही वात्सल्य लोपते. आणि पिलांवर धावून जाणाऱ्या नरात त्या चेतविल्या की तो हल्ला सोडून पिलू चाटू लागतो. दिवा दोन्ही घरी आहे. तो केव्हा लागावा, याची कळ मात्र निराळी आहे, असा याचा अर्थ. या कार्यासाठी ड्युलाक यांस 2021 चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला.

उंदरावरून मनुष्याविषयी सिद्धांत करणे उतावळेपणाचे होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून रूथ फेल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांचे 2014 सालचेच एक संशोधन येथे सांगतो. त्यांनी प्रथमच आईबाप झालेल्या 89 जणांच्या मेंदूंचे चित्रण केले. मातांत भय व जागरूकतेशी निगडित असा अमिग्डाला हा भाग अधिक चेतत असे. मातेला साहाय्य करणाऱ्या पित्यांत दुसऱ्याचे मन जाणणारा भाग अधिक. परंतु ज्या घरी आई नव्हती व पित्यांनीच मूल वाढविले, त्यांचा अमिग्डाला मातांप्रमाणेच चेतत होता. इतकेच नव्हे, तर मुलाच्या संगोपनात पित्याचा वेळ जितका अधिक, तितके त्याच्या मेंदूतील या दोन भागांचे संधान दृढ आढळले.

आमच्या संस्कृत वाचकांस यात नवल वाटू नये. शकुंतला कण्वांची औरस कन्या नव्हती, तरी तिला सासरी धाडताना त्या तपस्व्याचे अंतःकरण भरून आले. ते जन्म दिल्यामुळे नव्हे, वाढविल्यामुळे.

स्तनपान मातेचेच, याविषयी वाद नाही. परंतु रडते मूल खांद्यावर घेऊन फिरणे, त्याचे लंगोट बदलणे, त्यास अंघोळ घालून निजविणे, यांपैकी एकही गोष्ट पुरुषाच्या मेंदूस अशक्य नाही. आपल्या घरांतील वडील मंडळींनी ‘ते तुझे काम नव्हे’ असे तरुण पित्यास सांगण्याचे सोडावे. तसे झाले तर बाळंतिणीस दोन घटका निर्वेध झोप मिळेल, आणि पित्यास आपले मूल मिळेल.