हुडक्याच्या तालावरची कुमाउनी

उत्तराखंडाच्या पूर्व भागात कोसी, सरयू, रामगंगा यांच्या खोऱ्यांत कुमाउनी बोलली जाते. एक डोंगरधार ओलांडली की तिचे रूप पालटते. अल्मोड्याच्या आसपास खसपर्जिया, पिथौरागढकडे सोर्याली, गंगोलीहाटला गंगोली, सरयूच्या वरच्या अंगाला दनपुरिया. 2011 च्या जनगणनेत 20,81,057 जणांनी तिला मातृभाषा म्हटले, पण सरकारी बेरजेत ही माणसे हिंदीच्या खात्यावर जमा होतात. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती नाही.

तिच्या लिखित काव्याचा आरंभ लोकरत्न पंत ‘गुमानी’ (1790–1846) यांच्यापासून मानतात. आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले, अशी परंपरा तिथली पंत घराणी सांगतात. गुमानी एकाच श्लोकाचे चार चरण चार भाषांत रचत. गोरखा अंमलात खजिन्याची ओझी वाहून माणसांच्या डोक्यावर केस उरले नाहीत, ही व्यथा मात्र त्यांनी कुमाउनीतच मांडली. पुढच्या पिढ्यांची प्रतिभा हिंदीकडे गेली. कौसानीचे सुमित्रानंदन पंत, शिवानी, शैलेश मटियानी, मनोहर श्याम जोशी. जोशींच्या ‘कसप’ या कादंबरीतली हिंदी कुमाउनीने ओथंबलेली आहे, तरी ती हिंदीच.

भाषेचा खरा भार वाहिला तो गाणाऱ्यांनी. ‘राजुला–मालूशाही’ ही प्रेमगाथा गोपीदास या लोकगायकाच्या तोंडून अभ्यासक कोनराड माइस्नर यांनी टिपून घेतली आणि 1985 मध्ये ती ग्रंथरूपात आली. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हुडकिया बौल, म्हणजे भातलावणीच्या वेळचे गाणे. नदीकाठच्या पाणथळ भातखाचरांना तिथे ‘सेरा’ म्हणतात. आषाढात सेऱ्यात भाताची लावणी सुरू झाली की हुडका हे डमरूसारखे वाद्य वाजवत गायक चिखलात उभा राहतो. आधी भूमिया देवाला आणि इतर दैवतांना साद, पीक भरभरून येऊ दे अशी विनवणी, मग वीरांच्या कथा. ओळीने वाकलेल्या बायका लावणी करता करता झील धरतात. गायकाने लय वाढवली की हातही झपाझप चालतात. भातलावणीच्या लयीवर बेतलेली ही गाणी शेत सोडून कुठे जायची?

अल्मोडा जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत 6,30,567 वरून 6,22,506 वर आली. तरुण मैदानी शहरांत गेले, उतारावरची शेते पडीक राहिली. कुमाउनीची ओहोटी मी या पडीक शेतांत पाहतो, शाळेतल्या हिंदीत त्यानंतर. अल्मोड्याहून 2008 पासून निघणारे ‘पहरू’ मासिक नव्या लेखकांना लिहिते करते, हे काम मोठे आहे. पण मासिकाला वाचक मिळतील, झीलकरी मिळणार नाहीत. दिल्लीच्या सभागृहात हुडकिया बौल सादर होतो तेव्हा भूमियाला घातलेली साद ऐकायला समोर पीक नसते. सोमेश्वरच्या खोऱ्यात काही सेऱ्यांत तो अजून लावणीसोबत गायला जातो. संशोधकांनी ध्वनिमुद्रणाची साधने घेऊन आषाढात तिथे जावे, आणि गायकाइतकेच लक्ष झील धरणाऱ्या बायकांकडे द्यावे. त्यांची नावे आजवर फारशी कुणी लिहून ठेवलेली नाहीत.