विज्ञान प्रदर्शनातला पाचवा डबा



तोडणीची धांदल ऐन भरात असते, त्याच दिवसांत शाळांची विज्ञान प्रदर्शने भरतात. घरातले पोर ‘प्रयोग करायचाय’ म्हणून मागे लागते, आणि आपण बाजारातून तयार ज्वालामुखी आणून देऊन मोकळे होतो. आम्हीही यापेक्षा फार वेगळे नव्हतो. एका पोरीने आमचे डोळे उघडले, ती हकिकत सांगतो.

आमची थोरली बहीण पनवेल तालुक्यात, कामोठ्याला असते. तिची मुलगी आठवीत. पनवेल म्हणजे खाडीकाठ, खाऱ्या जमिनीचा मुलूख. कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र तिथेच आहे आणि खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या ‘पनवेल’ नावाच्या भातजाती तिथलीच देणगी. साहजिकच पोरीने विषय घेतला ‘खारी माती आणि बियाणे’.

तिने पत्र्याचे पाच डबे घेतले. माती एकाच ढिगातली, प्रत्येक डब्यात मेथीचे 20 दाणे. पहिल्याला गोडे पाणी, पुढच्या तिघांना लिटरमागे 2, 4 आणि 8 ग्रॅम मीठ घातलेले पाणी. पाचव्यालाही 4 ग्रॅमचेच पाणी, पण मातीत जिप्सम मिसळलेले. रोजची नोंद वहीत, तारखेसह. मीठ वाढेल तशी उगवण घटत गेली. पण पाचवा डबा काही सुधारला नाही. जिप्सम घालूनही तिसऱ्यासारखाच राहिला.

आदल्या रात्री दाजी म्हणाले, “तो डबा घरीच ठेव. परीक्षक विचारतील तर काय सांगशील?” आम्हीही मान डोलावली. वर म्हणालो, “नाहीतर दोन-चार दाणे नवे लाव.” जन्मभर शेतकऱ्याला जिप्सम सुचवणारे आम्ही, तो उघडा डबा आम्हालाच खुपत होता!

पोरगी म्हणाली, “मामा, मग वहीत काय लिहू?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पाचही डबे गेले.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. सजवलेली मॉडेले झपाझप पाहून पुढे सरकत होते. इथे पाचव्या डब्याशी थांबले. “जिप्सम घातलंस, तरी का उगवलं नाही?”

“नक्की माहीत नाही, सर. पण डब्याला खाली भोक नाही. मीठ आत गेलं ते आतच राहिलं. पुढच्या वेळी भोक पाडून बघणार आहे.”

परीक्षकांनी वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून चाळली. नंबर दुसऱ्याच शाळेचा आला, पण जाताना ते तिला म्हणाले, “भोक पाडून पुन्हा कर, आणि प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन डबे ठेव.”

बंधूंनो, पोरीच्या उत्तरात आपल्या क्षारपड रानाचे गुपित आहे. जिप्समचे काम चोपण जमिनीत, म्हणजे सामू 8.5 च्या वर आणि सोडियम मातीला चिकटलेले असेल तिथे. जिप्सममधले कॅल्शियम त्या सोडियमला हुसकून लावते. पण हुसकलेला सोडियम वाहून जायला वाट हवी. नुसत्या खारट, पांढऱ्या थराच्या जमिनीला तर चर, निचरा आणि गोडे पाणी हाच उपाय. कोकणात बांध घालून भरतीचे पाणी अडवतात, उघाडीतून आतले पाणी ओहोटीला सोडतात, पावसाने मीठ धुऊन निघते, तेव्हा कुठे भात उभा राहतो. आपण मात्र निचरा न काढता पोती ओततो आणि जिप्समला नावे ठेवतो. आणि शिवारफेरीत आम्ही अधिकारी प्लॉटचा चांगला कोपराच तेवढा दाखवतो, हेही कबूल केले पाहिजे.

राष्ट्रीय पातळीवर 1971 पासून भरणाऱ्या बाल विज्ञान प्रदर्शनाच्या गुणांकनातही मुलांची स्वतःची कल्पकता आणि शास्त्रीय विचार यांना सजावटीहून जास्त वजन असते. म्हणून पोरांना एवढे सांगा:

प्रश्न आपल्याच रानातला घ्या. शेंड्याकडचा डोळा आधी उगवतो की बुडख्याकडचा? पाचटाखालची माती किती दिवस ओल धरते?

एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सारे सारखे ठेवा.

नोंद त्याच दिवशी करा, खाडाखोड झाली तरी चालेल.

दोन मिनिटांत, पाठ न करता, आजीला समजेल असे सांगा. आजीला समजले तर परीक्षकांना समजेलच.

आणि ठाऊक नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा, पण पुढे काय करून बघणार तेही सांगा.

बियाणे, माती, पाचट काय लागेल ते आमच्या शेती खात्याच्या गट ऑफिसातून पोरांनी हक्काने न्यावे. तुम्ही फक्त एक करा. न उगवलेला डबा त्यांना लपवायला लावू नका.