खोली तीच, भाडं वेगळं : नूतनीकरण, रोपवे आणि थीम पार्कमधली स्वस्त हॉटेलं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मागच्या वेळी आपण शहरातल्या घरभाड्यांबद्दल बोललो. आज तोच विचार एका वेगळ्या ठिकाणी लावून बघू. ठिकाण आहे फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तिथली स्वस्तातली हॉटेलं आपण घेणार आहोत. प्रश्न साधा आहे. हॉटेलच्या खोल्या नव्या केल्या किंवा हॉटेलपासून पार्कपर्यंत नवं वाहन सुरू झालं, की भाडं वाढतं. पण ते नेमकं कशामुळे वाढतं, किती टिकतं आणि शेवटी ते कोणाच्या खिशातून जातं?

अमेरिकेत राहणारी कितीतरी मराठी कुटुंबं, भारतातून आई-वडील आले की त्यांना घेऊन ऑर्लँडोला जातात. त्यांच्यासाठी हा हिशोब पुस्तकातला नाही. चार-पाच रात्रींचं भाडं हा सहलीतला मोठा खर्च असतो.

आधी हॉटेलांची ओळख

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालं. आज तिथे चार मोठी पार्कं आहेत : मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अॅनिमल किंगडम. डिस्ने आपल्या हॉटेलांच्या पायऱ्या करते. सगळ्यात खाली 'व्हॅल्यू', मग 'मॉडरेट', वर 'डीलक्स'. व्हॅल्यू पायरीवर पाच हॉटेलं आहेत. ऑल-स्टार स्पोर्ट्स आणि ऑल-स्टार म्युझिक १९९४ ची, ऑल-स्टार मुव्हीज १९९९ चं, पॉप सेंच्युरी डिसेंबर २००३ चं आणि आर्ट ऑफ अॅनिमेशन २०१२ चं.

यातलं पॉप सेंच्युरी आज आपल्या कामाचं. एकट्या या हॉटेलात २,८८० खोल्या आहेत. मुळात ते याच्या दुप्पट व्हायचं होतं. २००१ च्या सप्टेंबरनंतर पर्यटन कोसळलं आणि तळ्यापलीकडचा अर्धा भाग तसाच अर्धवट राहिला. पुढे त्याच जागेवर आर्ट ऑफ अॅनिमेशन उभं राहिलं. म्हणजे ही दोन हॉटेलं एका तळ्याच्या दोन काठांवर आहेत आणि मध्ये पूल आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नूतनीकरण : दिसतं लगेच, विरतंही लगेच

२०१७-१८ मध्ये पॉप सेंच्युरीच्या खोल्या बदलल्या. आधी दोन डबल बेड आणि खाली गालिचा होता. आता एक कायमचा क्वीन बेड आणि दुसरा भिंतीतून खाली येणारा क्वीन बेड आहे. तो वर उचलला की तिथे टेबल तयार होतं. गालिचा जाऊन लाकडासारखी दिसणारी फरशी आली. खोलीत माणसं पूर्वीइतकीच, चार. क्षेत्रफळही तेवढंच, साधारण २६० चौरस फूट. पण दिवसा पाय ठेवायला जागा झाली आणि रात्री झोपायला गादी मोठी झाली.

भाडं वाढवायला हे कारण पुरेसं आहे. पण नूतनीकरणाची एक अडचण असते. ते दुसऱ्यालाही करता येतं. आणि झालंही तसंच. पुढच्या काही वर्षांत ऑल-स्टारच्या खोल्यांनाही तोच साचा मिळाला : एक क्वीन बेड, एक टेबलाचा बेड, तीच फरशी. ज्या क्षणी खालच्या पायरीवर तेच सामान आलं, त्या क्षणी पॉप सेंच्युरीला फक्त 'आमच्या खोल्या नव्या आहेत' असं सांगून जास्त पैसे मागता येईनात.

दुसरं म्हणजे नवेपण झिजतं. गाद्या, पडदे, फरशी यांना वय असतं. पहिली दोन-तीन वर्षं 'नवीन खोली' म्हणून मागणी असते, मग ती 'नेहमीची खोली' होते. म्हणून नूतनीकरणाने येणारी भाडेवाढ हा बऱ्याच अंशी झिजेचा आगाऊ वसूल केलेला खर्चच असतो.

रोपवे : जागाच सरकवणारी गोष्ट

आता दुसरी गोष्ट. २९ सप्टेंबर २०१९ ला 'डिस्ने स्कायलायनर' सुरू झाला. हा रोपवे आहे, डोपलमायर या ऑस्ट्रियन कंपनीच्या तंत्राचा. एका पाळण्यात १० माणसं बसू शकतात, तिकीट नाही. कॅरिबियन बीच हे त्याचं मुख्य जंक्शन. तिथून एक फाटा हॉलीवूड स्टुडिओजला जातो, एक रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटला आणि एक पॉप सेंच्युरी व आर्ट ऑफ अॅनिमेशनला. या शेवटच्या दोघांना मिळून एकच स्टेशन आहे, मघाशी सांगितलेल्या तळ्यावर.

रोपवेने काय बदललं? लोक म्हणतात, वेग. वेग हा खरं तर त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग दोन गोष्टींचा. पहिली, वाट बघणं. बस कधी येईल हे माहीत नसतं. पाळणे एकामागून एक येतच राहतात. दुसरी गोष्ट लहान मुलं असलेल्यांना लगेच कळेल : बसमध्ये बाबागाडी घडी करूनच चढवावी लागते. रात्री दहा वाजता झोपलेलं पोर खांद्यावर, एका हातात घडी केलेली बाबागाडी, दुसऱ्या हातात पिशव्या. रोपवेच्या पाळण्यात बाबागाडी आणि व्हीलचेअर सरळ आत ढकलत नेता येते. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

अर्थशास्त्रात याला एक चांगली चौकट आहे. केल्विन लँकास्टरने १९६६ मध्ये मांडलं की गिऱ्हाईक वस्तू विकत घेत नाही, वस्तूतले गुण विकत घेतो. १९७४ मध्ये शर्विन रोझेनने त्यावर किमतीचं गणित बसवलं. खोलीचं भाडं म्हणजे गादीचे इतके, शांततेचे इतके, पार्कच्या जवळिकीचे इतके, अशी बेरीज. याला 'हेडॉनिक' किंमत म्हणतात. नूतनीकरण गादीच्या रकान्यात भर घालतं, रोपवे जवळिकीच्या रकान्यात. आणि जवळीक ही नक्कल करता न येणारी गोष्ट आहे. ऑल-स्टारला तसाच बेड देता आला. रोपवे मात्र तिथे पोहोचलेला नाही. तिथले पाहुणे आजही बसवरच अवलंबून आहेत.

म्हणून आपला मुद्दा असा : नूतनीकरणाची वाढ झिजते, वाहतुकीची वाढ टिकते.

पण सगळं श्रेय रोपवेला देऊ नका

इथे थोडं थांबू या. पॉप सेंच्युरी ऑल-स्टारपेक्षा महाग आहे हे खरं. पण ते रोपवेच्या आधीही महाग होतं. हॉटेल नवं होतं आणि त्याची बस बहुधा स्वतंत्र असायची. ऑल-स्टारच्या तीन हॉटेलांना गर्दी कमी असताना एकच बस वाटून घ्यावी लागते. त्यामुळे आजची भाड्यातली पूर्ण तफावत रोपवेच्या नावावर मांडता येत नाही. आधीची तफावत किती होती आणि नंतर किती झाली, यातला फरक बघायचा.

त्यातही कालखंड अवघड आहे. रोपवेच्या बरोबर महिनाभर आधी, २९ ऑगस्ट २०१९ ला, हॉलीवूड स्टुडिओजमध्ये 'स्टार वॉर्स'चा नवा विभाग सुरू झाला. म्हणजे रोपवे जिथे नेतो, त्या पार्कचीच ओढ वाढली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळं बंद झालं. पॉप सेंच्युरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघडलं. ऑल-स्टारची हॉटेलं नंतर, एकेक करून, शेवटचं २०२२ मध्ये. मधल्या काळात स्वस्त खोल्यांचा पुरवठाच कमी होता.

आणखी एक गंमत. आर्ट ऑफ अॅनिमेशनमध्ये 'लिटिल मर्मेड' नावाच्या साध्या खोल्या आहेत. त्या रोपवेच्या स्टेशनपासून त्या हॉटेलातल्या सगळ्यात लांबच्या. तरीही त्यांचं भाडं साधारणपणे पॉप सेंच्युरीच्या साध्या खोलीपेक्षा जास्त असतं. का? सजावट, लहान मुलींचा हट्ट आणि अशा खोल्यांची कमी संख्या. अंतर हा एकच रकाना असता, तर हे भाडं उलटं असतं.

भाडं वाढतं ते कुठे दिसतं?

छापील दर बघून फसायला होतं. डिस्ने वर्षभर सवलती जाहीर करते, आणि मागणी वाढली की पहिल्यांदा सवलत आखडते. छापील दर नंतर सरकतो. ज्या खोल्या अशाही भरतात, त्या सवलतीच्या यादीतून वगळल्या जातात. लिटिल मर्मेडच्या खोल्या अनेकदा अशा वगळलेल्या असतात. म्हणून दर न वाढताही खोली महाग होऊ शकते.

दुसरी जागा म्हणजे खोलीच्या बाहेरचे आकार. मार्च २०१८ पासून डिस्नेच्या हॉटेलांत रात्रभर गाडी उभी करायचे पैसे लागू झाले. व्हॅल्यू पायरीवर रात्रीला १३ डॉलर. जानेवारी २०२३ मध्ये ते रद्द झाले. आणि उलटं उदाहरण : २००५ पासून विमानतळावरून हॉटेलपर्यंत मोफत बस होती, 'मॅजिकल एक्सप्रेस'. २०२२ च्या सुरुवातीला ती बंद झाली. खोलीचं भाडं जागेवर, पण चौघांचा जाण्यायेण्याचा खर्च वर. डीलक्स हॉटेलात उतरणाऱ्याला तो जाणवतही नसेल. स्वस्त हॉटेलवाल्याच्या एकूण खर्चात तोच मोठा वाटा होतो. नवं वाहन जसं भाड्यात शिरतं, तसं काढून घेतलेलं वाहनही शिरतं. फक्त पावतीवर त्याचं नाव नसतं.

मालक एकच असला की

पुण्यात मेट्रो आली की स्टेशनजवळच्या फ्लॅटचा भाव वाढतो. तो फायदा घरमालकाला. मेट्रो बांधणाऱ्याला त्यातलं थेट काही मिळत नाही. म्हणूनच सरकारला मुद्रांक शुल्कावर मेट्रो अधिभार लावावा लागतो. डिस्नेकडे हा पेच नाही. पार्क त्यांचं, हॉटेल त्यांचं, रोपवे त्यांचा. त्यामुळे रोपवेला तिकीट लावायची गरजच पडत नाही. तिकीट खोलीच्या भाड्यातून वसूल होतं, रोपवेत बसलात तरी आणि नाही बसलात तरी.

मग आपला हिशोब कसा मांडायचा?

काल्पनिक आकडे घेऊ. समजा रोपवेच्या हॉटेलात रात्रीला ४० डॉलर जास्त लागतात आणि पाच रात्री राहायचं आहे. म्हणजे २०० डॉलर. समजा दर खेपेला २० मिनिटं वाचतात, दिवसाला जाऊन-येऊन ४०. आता रोपवे चारपैकी दोनच पार्कांना जातो. मॅजिक किंगडम आणि अॅनिमल किंगडमसाठी बसच. पाच दिवसांत दोनच दिवस एपकॉट किंवा हॉलीवूड स्टुडिओजला जाणार असाल, तर ८० मिनिटांसाठी २०० डॉलर, म्हणजे तासाला १५०. चार दिवस जाणार असाल, तर तासाला ७५. तुमच्या कुटुंबाच्या एका तासाची किंमत काय, ते तुम्ही ठरवा. मुलं लहान असतील तर ती जास्त असेल; सगळे धडधाकट असाल तर कमी.

आणि उन्हाळ्यातला पाऊस विसरू नका. फ्लोरिडात दुपारी वादळं येतात, विजा चमकल्या की रोपवे थांबतो आणि बसच घ्यावी लागते. भाडं मात्र परत मिळत नाही.

खालची पायरी

शेवटचा मुद्दा. पाच व्हॅल्यू हॉटेलांपैकी दोन रोपवेमुळे वर सरकली, बाकीच्या तिघांना नव्या गाद्या मिळाल्या. नाव अजून 'व्हॅल्यू'च आहे. पण ज्याला फक्त चार भिंती, पाठ टेकायला गादी आणि बस एवढंच हवं होतं, त्याच्यासाठी जुनी, साधी, स्वस्त खोली आता त्या आवारात उरलेली नाही. प्रत्येक सुधारणा स्वतंत्रपणे चांगलीच असते. त्यांची बेरीज झाली की सगळ्यात खालची पायरी गुपचूप वर जाते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*नूतनीकरण चालू असताना बुकिंग करावं का?*

मोठ्या हॉटेलात काम एकेका इमारतीत चालतं. म्हणजे काही खोल्या नव्या, काही जुन्या, आणि अनेकदा दोन्हींचं भाडं सारखं. नवी खोली मागता येते, पण तिची हमी मिळत नाही. आवाजाचा त्रास चालत असेल तर हा काळ फायद्याचा ठरू शकतो.

*मग बाहेरचं हॉटेल घेतलेलं काय वाईट?*

वाईट काहीच नाही. किसिमीतल्या १९२ क्रमांकाच्या रस्त्यावर भरपूर हॉटेलं आहेत. युनिव्हर्सलने २०१९-२० मध्ये 'एंडलेस समर' नावाच्या आपल्या स्वस्त हॉटेलांत २,८०० खोल्या उघडल्या. हा पुरवठा आहे म्हणूनच डिस्नेला स्वस्त खोल्यांचं भाडं मनमानी चढवता येत नाही. फक्त बेरीज पूर्ण करा : बाहेर राहिलात तर डिस्नेच्या पार्कांत रोज पार्किंगचे पैसे भरावे लागतात; त्यांच्या हॉटेलात उतरलात तर साधं पार्किंग मोफत असतं. शिवाय बाहेरची काही हॉटेलं 'रिसॉर्ट फी' वेगळी लावतात. सगळं एका कागदावर लिहा, रात्रींनी भागा, आणि मगच कोण स्वस्त ते म्हणा.