आधी पैसे मागणारी नोकरी

गेल्या वर्षी ईदनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी आईसोबत आमच्या घरी आली. वर्गात नेहमी पहिल्या बाकावर बसणारी हुशार मुलगी, आता बी.ए. झालेली. बराच वेळ दोघी गप्प होत्या. मग आईच म्हणाली, "मॅडम, हिने बी.एड.च्या फीसाठी साठवलेले बेचाळीस हजार गेले. हिच्या अब्बांना अजून सांगितलेले नाही."

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका निरोपाने झाली होती. घरबसल्या काम, रोज दोन हजारांची कमाई. काम काय, तर नकाशावरच्या हॉटेलांना पाच तारे द्यायचे. पहिल्याच दिवशी खात्यात दीडशे रुपये आले आणि विश्वास बसला. मग टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतले. तिथे "मोठे काम" हवे असेल तर आधी रक्कम भरायची होती. आधी पाच हजार, मग बारा, मग पंचवीस. पडद्यावर नफा वाढत होता. काढायला गेली तेव्हा उत्तर आले, आधी टॅक्स भरा.

ग्रुपमध्ये नफ्याचे फोटो टाकणारे लोक त्याच टोळीचे होते. पडद्यावरचा नफा म्हणजे त्यांनीच टाकलेला नुसता आकडा होता. दीडशे रुपये हे फक्त आमिष. अशी रक्कम बहुधा दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाची असते, म्हणून पुढे चौकशीत आपलेही खाते गोठू शकते.

ही एकट्या मुलीची गोष्ट नाही. डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा अर्धवेळ नोकरीच्या नावाने फसवणाऱ्या शंभराहून अधिक वेबसाइट बंद केल्या. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेकार तरुण हेच त्यांचे लक्ष्य होते. ज्यांना घराबाहेर पडणे अवघड, त्यांच्याच दारात हे जाळे टाकले जाते.

दुसरा प्रकार डेटा एन्ट्रीचा. करारावर सही घेतात, न जमणारे काम देतात आणि "चुका जास्त झाल्या, दंड भरा, नाहीतर अटक होईल" अशी वकिलाच्या नावाची नोटीस मोबाइलवर पाठवतात. अशा धमकीला घाबरून एक रुपयाही भरू नये. ती नोटीस घेऊन सरळ पोलिसांकडे जावे.

खरी नोकरी ओळखायला फार शिक्षण लागत नाही. मालक पगार देतो, मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉप, अनामत, कोणत्याही नावाने आधी पैसे मागितले की तिथेच थांबावे. मुलाखत न घेता, फक्त चॅटवर नेमणूक झाली तर शंका घ्यावी. मोठ्या कंपनीचे नाव सांगितले असेल, तर तिच्या अधिकृत वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून विचारावे. निरोपात दिलेला नंबर लावू नये. खात्री होईपर्यंत आधार, पॅन, पासबुकाचा फोटो पाठवू नये. यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि "तुमचे खाते वापरू द्या, कमिशन देतो" असे कोणी म्हणाले तर साफ नकार द्यावा. दुसऱ्याच्या लुटीचा पैसा त्यातून फिरवला जातो.

तरीही फसलात तर वेळ घालवू नका. 1930 या नंबरावर लगेच फोन करा, बँकेला कळवा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. चॅट पुसू नका; पैसे भरल्याचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवता येतात. पुढे "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन आला, तर तीही फसवणूकच समजा.

आमची विद्यार्थिनी अकरा दिवस गप्प राहिली. अब्बा रागावतील, मोबाइल काढून घेतील, शिक्षण बंद करतील, ही भीती. आम्ही त्या दोघींना तिथेच बसवून तक्रार नोंदवली, पण तोवर उशीर झाला होता. पैसे मिळाले नाहीत. संध्याकाळी आम्ही तिच्यासोबत घरी गेलो. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बेटा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?"

हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. चूक कबूल करणाऱ्या मुलीला आपल्या घरात आधी काय मिळते, पाण्याचा पेला की बोलणी?

ती आता मुलांच्या शिकवण्या घेते. फी पुन्हा साठते आहे.