गिअर कितवा?

पनवेलहून सुकापूरमार्गे नेऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरून मी गेली जवळजवळ चाळीस वर्षं दुचाकीवर ये-जा करतो आहे. नेऱ्यात माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्याकडे रविवारचा चहा घ्यायचा आणि मन झालं तर पुढे देहरंगच्या धरणापर्यंत एक चक्कर मारून यायची, हा आमचा नेम. पूर्वी या वाटेला भातखाचरं आणि गाढी नदीची सोबत असे. आता सुकापूरच्या इमारती संपता संपत नाहीत. पण नेरे मागं पडलं, की माथेरानचा डोंगर अजून पहिल्यासारखाच अंगावर येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात याच वाटेवर, धरणाच्या पुढे धोदाणीकडच्या चढाला, माझी मोटारसायकल मधेच बंद पडली. पेट्रोल होतं, प्लग स्वच्छ होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये आहे असं समजून चढ चढत होतो आणि गाडी होती चौथ्यात! इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. ओल्या रस्त्यावर गाडी मागं सरकू लागली. ब्रेक लागला, पण तोल गेला आणि मागं बसलेली सौ. सरळ चिखलात. गुडघा खरचटला, नवी साडी गेली. त्याहून वाईट म्हणजे ती काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "यापुढे मी रिक्षानं जाईन."

चाळीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला आपण कितव्या गिअरमध्ये आहोत हे कळू नये? मला स्वतःचीच शरम वाटली. पण विचार करू लागलो तेव्हा लक्षात आलं, की मोटारसायकलीचा गिअर हा प्रकारच मुळी चालवणाऱ्याला अंधारात ठेवणारा आहे.

मोटारीत बघा. गिअरचा दांडा जिथं ढकलाल तिथं राहतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं आहे ते, नुसतं पाहिलं की कळतं. आपल्या जुन्या बजाज चेतक स्कूटरची तर मजाच होती. गिअर डाव्या हाताच्या मुठीत, मुठीवर आकडे कोरलेले, आणि मनगट किती वळलं आहे त्यावरूनच गिअर कळायचा. मोटारसायकलीच्या पायाखालचा खटका मात्र दारावरच्या घंटीच्या बटणासारखा. दाबला की काम करतो आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. घंटी कितीदा वाजवली हे बटणाकडे पाहून कसं कळणार? आपणच मोजायचं, आणि मोजता मोजता समोर म्हैस आडवी आली की हिशेब चुकायचा.

आत काय घडतं ते मला आमच्या मेकॅनिकनं एकदा इंजिन उघडून दाखवलं होतं. गिअरपेटीत एक लहानसा लोखंडी दंडगोल असतो. मेकॅनिक त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. आपण खटका दाबला, की हा ड्रम एक घर पुढं किंवा मागं फिरतो आणि खाचांत अडकलेले चिमटे दातेरी चाकांना इकडून तिकडं सरकवतात. घरं ओळीनंच येतात. चौथ्यातून एकदम पहिल्यात उडी मारता येत नाही, वाटेत तिसरा आणि दुसरा भेटणारच. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे अर्ध्या घरावर न्यूट्रल. ते सापडता सापडत नाही म्हणून सिग्नलला चरफडणारी माणसं आपण रोज पाहतो. जुन्या बुलेटला याच्यासाठी टाचेनं दाबायचा एक वेगळाच खटका होता. पहिला गिअर सोडून कुठूनही एका दाबात न्यूट्रल! तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. माझी पहिली गाडी तीच, सेकंडहँड घेतलेली. पुढं जपानी पद्धतीची गाडी घेतली तेव्हा महिनाभर मी ब्रेक म्हणून गिअर दाबत होतो. येझदीची तऱ्हा आणखी न्यारी. किकचा दांडा तोच आणि गिअरचाही तोच.

गिअरचा आकडा दाखवणारं यंत्र या ड्रमवरच नजर ठेवतं. ड्रमच्या टोकाला विजेचा एक स्पर्शबिंदू बसवलेला असतो. ड्रम फिरला की तो प्रत्येक गिअरच्या ठरलेल्या पट्टीला टेकतो. पूर्वी प्रत्येक पट्टीची तार एकेका दिव्याला जायची. न्यूट्रलचा हिरवा दिवा हा त्यातलाच सर्वांत जुना आणि गरीब भाऊ. आता बऱ्याच गाड्यांत प्रत्येक घराला विजेचा दाब निराळा येतो, गाडीतला छोटा संगणक तो वाचतो आणि समोर आकडा उमटवतो. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम आले, लहान गाड्यांतूनही कार्बोरेटर गेला आणि संगणक आला. तेव्हापासून हा आकडा साध्या गाड्यांवरही दिसू लागला आहे.

दुसरी एक रीत आहे, नुसत्या हिशेबाची. इंजिनाचे फेरे किती आणि चाकाचे किती, यांचं प्रमाण प्रत्येक गिअरला ठरलेलं. भागाकार केला की गिअर कळला. पण क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंधच तुटतो आणि हिशेब कोलमडतो. मग आकड्याच्या जागी नुसती रेघ! म्हणजे थांबताना, क्लच दाबून भराभर गिअर उतरवताना, जेव्हा आकडा हवा तेव्हाच तो गायब. मला विचाराल तर ड्रमवरून वाचणारंच यंत्र खरं.

"आकडा कशाला हवा? कान आहेत की!" असं माझे बुलेटवाले मित्र म्हणतात. मीही म्हणायचो. इंजिन कण्हू लागलं की गिअर खाली, ओरडू लागलं की वर. यात खोटं काहीच नाही. शिकणाऱ्यानं आधी कानानंच शिकावं, नाहीतर नजर रस्ता सोडून आकड्याला चिकटते. पण उतारावर कानाचा उपयोग कमी, कारण इंजिनावर भारच नसतो. घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवली तर इंजिनच तिला आवरतं, ब्रेक तापत नाहीत. आणि भरधाव गाडीत चुकून एक गिअर जास्त उतरवला, तर पावसात मागचं चाक घसरायला वेळ लागत नाही.

माझी गोष्ट मात्र निराळी निघाली. त्या पडण्यानंतर लेकीनं मला हट्टानं कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांची शक्ती बरीच उतरली होती. बायको हाक मारते ती ऐकू येत नाही, ही घरातली जुनी थट्टा. ती थट्टा नव्हती, हे तपासणीचा कागद हातात आल्यावर कळलं. इतकी वर्षं ज्या कानावर विसंबून मी गाडी चालवली, तो मला न सांगताच रजेवर गेला होता.

गाडी सोडावी का? आठवडाभर घरात कोणी मोकळेपणानं बोललं नाही. डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं आणि ते लावून गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. तरी हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज त्या यंत्रात घोंघावतो आणि इंजिनाचा सूर त्यात हरवतोच. शेवटी लेकीनं तिची गाडी पुढं केली. समोर गिअरचा आकडा, बोटभर उंचीचा, चष्म्याशिवायही वाचता येईल असा. माझी जुनी गाडी तिनं घेतली. तिचे कान शाबूत आहेत.

पहिले दोन महिने मी एकटाच नेऱ्याला जात होतो. मग एका रविवारी सौ. काही न बोलता हेल्मेट घालून मागं येऊन बसली. आता तिला एक नवाच उद्योग मिळाला आहे. नेरे सोडून चढ सुरू झाला, की ती माझ्या खांद्यावरून पुढं वाकते आणि पाठीवर बोटानं टकटक करून सांगते, "अहो, अजून चारच दिसतंय. उतरवा की!"